आमच्या मराठीची तबकडी कोणती?

मराठी मुसलमानाच्या भाषेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून तर हा प्रश्न आपल्या व्यासपीठावरून खाली उतरलेलाच नाही. आपण कोणत्या भाषेत लिहावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, घरातली बोली प्रमाण मराठीपासून किती दूर आहे, यावर परिसंवाद झडले, ठराव झाले. परंतु आपण कोणत्या भाषेत ऐकतो, हे फारसे कोणी विचारले नाही. लिहिणारा शंभरात एखादा असतो. ऐकणारे सगळेच असतात. समाजाच्या मनाचा ठाव घ्यायचा असेल तर त्याच्या पुस्तकांच्या कपाटाइतकाच त्याच्या ध्वनिफितींचा खोकाही उघडून पाहिला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आम्ही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली माणसे. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा डोंगराळ भाग. तानसा आणि भातसा या आमच्याकडच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि मुंबईहून आमच्याकडे गाणी येतात. हा व्यवहार फार जुना आहे. आधी रेडिओवरून आली, मग कसाऱ्याच्या गाडीने तबकड्या आल्या, मग आखाती देशांत कामाला गेलेल्यांनी सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आणले आणि त्यांच्यासोबत खोकेभर कॅसेटी आल्या. आता सगळे मोबाइलमध्ये आहे. पण मोबाइलवर माणूस एक गाणे अर्धे ऐकतो आणि पुढच्यावर जातो. म्हणून आम्ही काही मंडळींनी ठरवून जुना ठेवा पुन्हा काढला. नियम एकच ठेवला. एखादी तबकडी किंवा ध्वनिफीत लावली की पहिल्या बाजूच्या सुरुवातीपासून दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत ऐकायची, मधले गाणे वगळायचे नाही आणि हातात दुसरे काम घ्यायचे नाही. प्रत्येक वेळी तीन गोष्टी विचारायच्या. शब्द कोणाचे, आवाज कोणाचा, आणि यात आम्ही कुठे?

संगीत ऐकावे की नाही, याविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि ते आजचे नाहीत. ज्यांना ते वर्ज्य वाटते त्यांच्याशी वाद घालण्याचा येथे हेतू नाही. मात्र आपल्या घराघरांत ते ऐकले गेले आहे ही गोष्ट खरी आहे, आणि जे ऐकले जाते त्याचा विचारही व्हायला हवा.

खाँसाहेबांची तीन मिनिटे

सुरुवात अर्थातच अब्दुल करीम खाँसाहेबांपासून केली. उत्तरेतल्या कैराना गावी जन्मलेला हा गवई मिरजेचा झाला. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने ही त्यांची मुले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचे देहावसान झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. महाराष्ट्राच्या अभिजात संगीतातला केवढा भाग या एका माणसापाशी येऊन मिळतो, हे वेगळे सांगायला नको.

त्यांचे ध्वनिमुद्रण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. जो गवई मैफलीत एक राग तास-तासभर गात असेल, त्याने तीन मिनिटांत काय करावे? खाँसाहेब घाई करत नाहीत, हे पहिले नवल. झिंझोटीतली आणि भैरवीतली त्यांची ठुमरी ऐकताना वेळ संपत आल्याची धास्ती कुठेच जाणवत नाही. आवाज बारीक, उंच, जराही न हलणारा. एकेका स्वरावर तो असा थांबतो की विहिरीत सोडलेला पोहरा पाण्याला टेकल्याचा क्षण आठवावा.

पण आमचा प्रश्न मराठीचा होता. खाँसाहेबांनी 'मानापमान' या १९११ सालच्या नाटकातली पदेही तबकडीवर गायली आहेत. खाडिलकरांचे शब्द, गोविंदराव टेंबे यांच्या चाली. ती आम्ही पुन्हा पुन्हा लावली. येथे आमचे मत थोडे रूढ मतापेक्षा वेगळे आहे. या पदांत मराठी आहे, पण ती शब्दांची मराठी नाही. व्यंजने स्वरांत विरघळून जातात, ओळीचा अर्थ मागे पडतो आणि उरतो तो केवळ नाद. बालगंधर्वांच्या गाण्यात शब्द बोलतो. येथे शब्द गप्प बसून ऐकतो. याला उणीव म्हणावे असे आम्हाला वाटत नाही. मात्र 'खाँसाहेब मराठीत गायले, म्हणजे मराठी मुसलमानाला आवाज मिळाला' असा जो सोयीस्कर निष्कर्ष सभांतून काढला जातो, तो या तबकड्या काळजीपूर्वक ऐकल्यावर टिकत नाही. त्यांनी मराठी नाट्यपदाला स्वर दिला. आमचे सुखदुःख सांगणे हे त्यांचे काम नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

रफीसाहेबांचा अदब

महंमद रफी यांच्या मराठी गाण्यांची ध्वनिफीत आपल्याकडे बहुतेक घरांत असे. यातली बहुसंख्य गाणी श्रीकांत ठाकरे यांनी बांधली. अनेकांचे शब्द वंदना विटणकर यांचे. ठाकरे स्वतः उर्दूचे जाणकार. त्यामुळे पंजाबात जन्मलेल्या, उर्दू-हिंदीत मुरलेल्या जिभेला मराठी कशी उच्चारायला द्यावी, हे त्यांना नेमके कळले असावे, असे ही गाणी ऐकताना वाटत राहते.

हिंदीतला रफी शब्दाशी खेळतो. ओळीच्या शेवटी हसतो, मुरकतो, हुंदका देतो. मराठीत हाच माणूस परक्या घरी पाहुणा आल्यासारखा ताठ बसतो. प्रत्येक अक्षर पुसून घेतल्यासारखे स्वच्छ. एरवी या ताठपणाने गाणे कोरडे झाले असते. परंतु देव देवळात शोधू नकोस, आपल्या अंतरात शोध, अशा आशयाच्या त्या प्रसिद्ध भक्तिगीतात हाच ताठपणा अदब होऊन येतो. आपली नसलेली भाषा सांभाळून हाताळणाऱ्या माणसाचा तो अदब आहे. आम्हाला ते गाणे या ध्वनिफितीतले सर्वांत मोलाचे वाटते. उलट पुष्पा पागधरे यांच्याबरोबरचे दर्याच्या तुफानाचे कोळीगीत लोकप्रिय असूनही आम्हाला तितकेसे भिडले नाही. पागधरे यांच्या आवाजात ती बोली सहज चालते. रफीसाहेब तिच्या मागून, उत्साहाने पण पाय जपत चालतात. मुलांसाठी गायलेले हसण्याचे गाणे मात्र आजही लहान मुले मागून घेतात, आणि त्याहून मोठी समीक्षा कोणती?

या ध्वनिफितीविषयी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाणारा मुसलमान, चाल बांधणारा शिवसेनाप्रमुखांचा सख्खा भाऊ. १९८४ साली आमच्या शेजारची भिवंडी जळाली. १९९२-९३ साली मुंबई जळाली आणि तिथून माणसे आमच्या गावांकडे नातेवाइकांच्या आसऱ्याला आली. त्या काळातही ही ध्वनिफीत आमच्या घरांत होती आणि कोणी ती फेकून दिली नाही. याचा अर्थ गाण्याने सगळे भरून निघाले असा कोणी काढू नये. गाणे दंगल थांबवत नाही. परंतु दोन माणसांनी एका खोलीत बसून एक चांगली गोष्ट केली होती, त्याचा पुरावा शिल्लक राहतो. तो पुरावा जपायचा की नाही, हे मात्र ऐकणाऱ्याच्या हातात असते.

कव्वाली कोणी मराठी केली?

आमच्याकडे कव्वालीचे नाते हाजी मलंगच्या डोंगराशी आहे. माघी पौर्णिमेच्या उरुसाला कल्याणच्या बाजूने डोंगर चढून गेलेल्या माणसाच्या कानात ती कायमची राहते. तबकडीवर ती आली सिनेमातून. 'अल हिलाल' या १९५८ सालच्या चित्रपटात इस्माईल आझाद यांनी गायलेल्या कव्वालीने कव्वालांची एक पिढीच उभी केली. चाल बुलो सी. रानी यांची. पुढे अझीझ नाझाँ आले. मुंबईचेच. मद्याच्या झिंगेची त्यांची कव्वाली १९७४ च्या 'फाइव्ह रायफल्स' चित्रपटात आली आणि लग्नाच्या मांडवापासून एस.टी. स्टँडवरच्या टपरीपर्यंत वाजत राहिली. ती लिहिणाऱ्याचे नाव नाझा शोलापुरी, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? उर्दूतली एवढी गाजलेली रचना, आणि कवी आपल्या सोलापूरचे नाव लावणारा!

सलग ऐकताना मात्र या ध्वनिफितींची एक मर्यादा कळते. पहिली कव्वाली अंगावर काटा आणते, तिसरीला टाळी आपोआप पडते, पाचवीला थकवा येतो. स्त्री-पुरुष कव्वालांच्या मुकाबल्याच्या ध्वनिफिती तर त्याहून लवकर थकवतात. सवाल-जवाबात शेराची जागा टोमण्याने घेतली आणि टोमण्याला पुन्हा ऐकण्याजोगे काही नसते. समोर माणसे असतात, रात्र चढत असते, कव्वाल श्रोत्याचा चेहरा पाहून ओळ पुन्हा घेतो, तेव्हाच ही कला पुरी होते. तबकडीला चेहरा दिसत नाही.

परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. मराठीत कव्वाली आली ती कोणाकडून? प्रल्हाद शिंदे यांच्याकडून, विठ्ठल उमप यांच्याकडून. आंबेडकरी जलशांच्या आणि भीमगीतांच्या परंपरेतल्या गायकांनी कव्वालीचा ठेका, तिची टाळी, तिची वर चढत जाणारी ओळ उचलली आणि त्यात आपली वेदना, आपला नेता, आपली भाषा घातली. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, उमप २०१० साली. त्यांच्या ध्वनिफिती ऐकताना आम्हाला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. साचा आमच्या दर्ग्यांतून आला होता, मराठी आम्हालाही येत होती. तरी ती मराठीत ओतण्याचे धाडस दुसऱ्यांनी केले. आम्ही मात्र उर्दूच्या पायरीवरच बसून राहिलो, कारण मराठीत गायले तर ते 'हलके' दिसेल अशी भीती होती. ही भीती आपल्यात अजूनही आहे. अमर शेखांच्या वारशाविषयी आपण इतके बोलतो. बार्शीचा हा शाहीर १९६९ साली गेला. संयुक्त महाराष्ट्राची मैदाने त्याने मराठीत गाऊन पेटवली. त्याला ती भाषा कधी हलकी वाटली नाही.

'अनफर्गेटेबल्स' आणि उसनी जीभ

१९७६ साली जगजीत सिंग आणि चित्रा सिंग यांची 'द अनफर्गेटेबल्स' ही तबकडी आली. कॅसेटीच्या रूपाने ती आमच्या गावांत पोहोचायला पुढची काही वर्षे लागली. जगजीत सिंग २०११ साली गेले, पण ही कॅसेट अजून काही घरांत फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे. हिचे यश कशात होते? गझल मैफलीतून उठून बैठकीच्या खोलीत आली. सारंगीच्या जोडीला गिटार बसली. अमीर मीनाईंसारखा जुना उस्ताद आणि कफील आझरांसारखा नवा कवी एकाच तबकडीवर शेजारी आले, आणि ऐकणाऱ्याला दोघांत फार अंतर जाणवले नाही.

आमच्याकडच्या कोकणी मुसलमानाची घरची भाषा उर्दू नाही. उर्दू आम्ही मदरशात वाचायला शिकलो, तकरीरीत ऐकली, निकाहाच्या पत्रिकेवर छापली. ती मानाची भाषा, स्वयंपाकघरातली नव्हे. अशा माणसाला ही तबकडी फार जवळची वाटली, कारण तिने उर्दू कळेल इतकी सोपी केली. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी प्रेम, विरह, तक्रार हे शब्द याच आवाजांतून शिकले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरीही पूर्ण तबकडी सलग ऐकल्यावर एक शंका उरते. येथे सगळी दुःखे एकाच चालीने चालतात. कोणाचेही दुःख ऐकताना बसण्याची मांडी मोडावी लागत नाही. त्यानंतर आम्ही मुद्दाम बेगम अख्तर लावल्या. १९७४ साली, म्हणजे ही तबकडी येण्याच्या दोनच वर्षे आधी, त्या गेल्या. वरच्या स्वरावर त्यांचा आवाज किंचित चिरतो आणि त्या चिरेतून जे बाहेर येते ते ऐकून खोलीतली सगळी गप्प झाली. जगजीत सिंगांनी गझलेचा तो ओरखडा गुळगुळीत केला. म्हणूनच ती सर्वांची झाली. आणि म्हणूनच ती आमचीही झाली, पण उसनी. सुरेश भटांचा 'रंग माझा वेगळा' १९७४ साली आलेला होता, 'एल्गार' १९८३ साली आला. मराठी गझल जोमात होती. आमच्या खोक्यात मात्र तिची ध्वनिफीत शोधूनही सापडली नाही. खोका आमचाच होता, भरणारे हातही आमचेच.

'जैत रे जैत': शेजाऱ्याचा ढोल

शेवटी जी तबकडी लावली ती आमच्या डोंगरांच्या सर्वांत जवळची. 'जैत रे जैत', १९७७. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा चित्रपट, दिग्दर्शक जब्बार पटेल, शब्द ना. धों. महानोर यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. कथा ठाकरांची. भगताचा पोरगा नाग्या, त्याच्यावर जीव लावणारी चिंधी, आणि डोंगरावरची राणीमाशी. शहापूर-मुरबाडच्या माणसाला ठाकर म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. आमच्या वाड्यांच्या वरच्या अंगाला त्यांच्या वाड्या आहेत, बाजाराच्या दिवशी एकाच रस्त्याने आपण उतरतो.

ही तबकडी सलग ऐकण्यासाठीच केलेली आहे. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'पासून जब्बार पटेलांबरोबर असलेले रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे येथे समूहाचा आवाज होतात, गोष्ट पुढे नेतात. त्यांच्यावर आशाबाई आणि लताबाई यांचे आवाज उमटतात. आशाबाईंच्या पावसाच्या गाण्यात हृदयनाथांची चाल अशी अडखळत, दबकत येते की जूनच्या पहिल्या आठवड्यात माहुलीच्या डोंगरावर ढग टेकताना पाहिल्यासारखे वाटते. लताबाईंच्या गाण्यात घर सोडून निघालेल्या बाईची हिंमत आहे. समूह तिच्यामागे उभा राहतो, तिला अडवत नाही. मराठी चित्रपटसंगीतात याहून नेटकी बांधणी आम्हाला माहीत नाही.

आक्षेप एकच आणि तो शब्दांविषयी. महानोर अजिंठ्याच्या परिसरातल्या पळसखेडचे. २०२३ साली ते गेले. त्यांची भाषा शेताची, ज्वारीच्या ताटव्यांची, काळ्या मातीची. सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या ठाकराची ती बोली नव्हे. गाणी अप्रतिम आहेत, पण ठाकर तिथे महानोरांच्या भाषेत बोलतो. खऱ्या ढोलनाचात एकच ओळ रात्रभर फिरते, हळूहळू बदलत जाते; तबकडीवर ती तीन-चार मिनिटांत पूर्ण होऊन थांबते. म्हणजे ठाकरांचा ढोल लोकांपर्यंत पोहोचला आणि ठाकर थोडा मागे राहिला.

हा आक्षेप घेताना आम्हाला अभिमानही वाटत होता. जब्बार पटेल हे नाव आपल्या माणसाचे आहे. 'सिंहासन' आणि 'उंबरठा' या त्यांच्याच चित्रपटांतून सुरेश भटांचे शब्द आशाबाई-लताबाईंच्या गळ्यातून घरोघर गेले. पण त्यांनी ठाकरांची गोष्ट सांगितली, राजकारण्यांची सांगितली, घराबाहेर पडणाऱ्या बाईची सांगितली. कलावंताने काय करावे हे आम्ही सांगणार नाही. आम्हाला इतकेच दिसले की शेजाऱ्याचा ढोल तबकडीवर आहे, निदान अर्धामुर्धा. आमच्या मांडवातली ढोलकी कुठेच नाही.

न निघालेली तबकडी

पाचही संच ऐकून झाल्यावर आमच्या हाती लागले ते असे. खाँसाहेबांच्या तबकडीत मराठी आहे, आम्ही नाही. रफीसाहेबांच्या ध्वनिफितीत मराठीविषयीचा आदर आहे, पण तो पाहुण्याचा. कव्वालीत आमचा साचा आहे, मराठी दुसऱ्यांनी घातली. गझलेत आमचे दुःख आहे, जीभ उसनी. 'जैत रे जैत'मध्ये आमचा डोंगर आहे, माणसे शेजारची. कोकणी मुसलमानाच्या घरात जी मराठी बोलली जाते, जिच्यात आई ओरडते आणि आजी दुवा देते, ती यांपैकी कोणत्याही तबकडीवर नाही.

ती गाण्यात नव्हती असे नाही. हळदीच्या आणि मेंदीच्या रात्री आपल्या बायका त्याच बोलीत गात आल्या. नवऱ्या मुलाच्या नातेवाइकांची थट्टा, सासरी जाणाऱ्या मुलीची समजूत, बोटीवर किंवा आखातात गेलेल्या माणसाची वाट पाहणे, हे सगळे त्यात होते. त्या गाण्यांना कवीचे नाव नाही, चालीला मालक नाही, आणि म्हणून कोणत्याही ध्वनिमुद्रण कंपनीला त्यात काही दिसले नाही. आपल्या पुरुषांनाही दिसले नाही. काहींनी ती गावंढळ म्हणून हसण्यावारी नेली, काहींनी दीनच्या नावाने बंद केली, आणि उरलेल्यांनी मांडवात डीजे आणला. आज ही गाणी पूर्ण येणाऱ्या बहुतेक सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्यानंतर त्यांच्या सुनांना मुखडा येतो, अंतरा येत नाही.

साहित्य म्हणजे छापलेले पुस्तक एवढेच आपण धरून चाललो, तर ही सर्व संपत्ती दोन-चार वर्षांत आपल्या डोळ्यांसमोर संपेल. संमेलनांत भाषेच्या अस्मितेवर भाषणे चालू राहतील आणि ती भाषा गाणारी शेवटची बाई कबरस्तानात जाईल. हे टाळायला स्टुडिओ लागत नाही, अनुदान लागत नाही. हातातला मोबाइल पुरे. आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांजवळ बसावे, त्यांची परवानगी घ्यावी, ज्यांना आवाज ध्वनिमुद्रित होणे पसंत नसेल त्यांच्याकडून शब्द तरी लिहून घ्यावेत. गाणे कोणत्या विधीचे, कोणत्या गावचे, कोणाकडून शिकलेले, हे सोबत नोंदवावे. चाल सुधारू नये, मागे वाद्ये भरू नयेत, शब्द शुद्ध करू नयेत. चुकलेली ओळ चुकलेलीच ठेवावी.

शहापूर आणि मुरबाडमध्ये आम्ही हे काम हाती घेतले आहे. पहिल्या चार-पाच बैठकांतच कळले की या बायकांना आपण ऐकायला आलो आहोत यावर विश्वासच बसत नाही. आधी त्या लाजतात, मग एकमेकींच्या चुका काढतात, आणि एकदा सुरू झाल्या की मगरिबच्या अजानपर्यंत थांबत नाहीत. ठाण्याच्या, रायगडच्या, रत्नागिरीच्या वाचकांनी आपापल्या गावी हेच केले, तर पुढच्या वार्षिकात रफीसाहेब आणि जगजीत सिंग बाजूला ठेवून या गाण्यांवर लिहिता येईल. तशी वेळ लवकर यावी, कारण गाणाऱ्यांकडे आता फार वेळ उरलेला नाही.